काटा पास, गाडी आडवी

ताशी अडतीस किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक कोरड्या रस्त्यावर आडवा का पडावा? टायर नवे होते, ब्रेक उत्तम होते आणि वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत होते. वळणावरच्या पाटीवर चाळीसची मर्यादा लिहिलेली होती आणि ट्रक त्याहून दोन किलोमीटर हळूच चालला होता.

शर्वी सुरडकरला हा प्रश्न पडला तेव्हा तो विज्ञानाचा आहे असे काही तिला वाटले नव्हते. तिला नुसता राग आला होता. कारण आडवा पडलेला तो ट्रक तिची आई चालवत होती.

ही गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनंतरची आहे. तोवर सपाट रस्त्यांवरचे ट्रक आपले आपण धावू लागले होते. घाटात मात्र अजून माणूसच लागायचा. धामणखेड्याच्या मोठ्या गोदामातून निघणारा माल सावळदरा घाटातून खाली कोकणात नेणाऱ्या अकरा चालकांमध्ये वैष्णवी सुरडकर ही एकटीच बाई. बारा वर्षांत तिच्या ट्रकला ओरखडासुद्धा आला नव्हता. आणि आता ती उजवा हात गळ्यात बांधून घरी बसली होती. मोडलेले हाड जुळून येणार होते, पण कंपनीच्या अहवालात एक वाक्य होते, ते काही जुळून येण्यासारखे नव्हते: ‘चालकाने वळणावर गाडी निष्काळजीपणे वळवली.’ शुक्रवारी परिवहन कार्यालयात सुनावणी होती. वाक्य तसेच राहिले, तर आईचा परवाना कायमचा रद्द होणार होता.

“पण तू हळू चालवत होतीस ना?” शर्वीने दहाव्यांदा विचारले.

“हो गं.”

“मग तसं सांग ना त्यांना!”

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असेल. गाडी उगाच कशाला पडेल?”

ते ऐकून शर्वीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीने खोटे लिहिले याचा राग होताच. पण त्या खोट्यावर आईचा विश्वास बसू लागला होता, हे तिला मुळीच सहन होईना.

“निघताना गाडी कशी होती?” तिने विचारले.

“फाटकाच्या गतिरोधकावरच डोलली होती. मी गोदामाच्या चौबळसाहेबांना म्हटलंसुद्धा, की गाडी डोलतेय, माल एकदा बघून घ्या. ते म्हणाले, काटा पास आहे, निघा.”

शर्वीने कपाटावरची बिल्टी (गाडीत कुठला माल आहे आणि तो कुठे उतरवायचा, हे लिहिलेला कागद) उचलली, दप्तरात कोंबली आणि सायकल काढली.

गोदामाच्या फाटकाशी वजनकाटा होता. जमिनीत बसवलेली लोखंडी पट्टी, चांगली ट्रकभर लांब. तिच्या शेजारी एक यंत्रमानव उभा असे. उंचीने माणसाएवढा, एक हात वजनमापाचा आणि छातीवर आकडे दाखवणारा पडदा. त्याला सगळे मापाडी म्हणत. मापाडी खोटे बोलत नाही, अशी त्याची ख्याती होती.

शर्वी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“गेल्या सोमवारी सुरडकरांच्या गाडीला पास तू दिलास?”

“हो. एकूण वजन सोळा टन. मर्यादा साडेसोळा टन. पास,” मापाडी म्हणाला.

“ती गाडी पडली! माझ्या आईचा हात मोडला!”

“मला माहीत आहे. वजन बरोबर होतं.”

शर्वीने काट्याच्या कठड्याला लाथ मारली. लागले ते तिलाच. “वजन, वजन! वजन बरोबर होतं तर गाडी पडली का?”

“ते मला कोणी विचारलं नाही,” मापाडी शांतपणे म्हणाला.

“मी विचारतेय. आत्ता. सांग!”

“सांगतो. आधी पाय फाकवून उभी राहा.”

“काय?”

“तू आता ट्रक आहेस. तुझी पावलं ही तुझी चाकं. मी तुझ्या खांद्याला बाजूने ढकलतो. किती जोर लावला ते माझ्या हातावर दिसेल.”

शर्वी रागातच उभी राहिली. मापाडीने ढकलले. हातावरचा काटा सहा किलोवर गेला, पण ती हलली नाही. मग त्याने पाय जुळवून उभे राहायला सांगितले आणि पुन्हा ढकलले. दोन किलोलाच तिचा तोल गेला.

“पाय फाकवले की ढकलणं जड जातं, हे तर लहान पोरालाही कळतं,” ती म्हणाली.

“बरोबर. पण ट्रकला पाय फाकवता येत नाहीत. चाकांमधलं अंतर कायम तेवढंच, साधारण दोन मीटर. आता पुन्हा पाय फाकव, मघापेक्षा थोडे कमी. दप्तर पोटाशी धर. हं. ढकलतो. चार किलोला गेलीस. आता तेच दप्तर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धर.”

शर्वीने दप्तर वर धरले. मापाडीचा हात तिच्या खांद्याला लागतो न लागतो, तोच ती कलंडली. पडद्यावर आकडा होता: अडीच.

ती तशीच उभी राहिली. दप्तर तेच, ती तीच, पावलेही तिथेच. वजन रतीभरही बदलले नव्हते.

“प्रत्येक वस्तूत एक जागा असते,” मापाडी सांगू लागला. “तिला गुरुत्वमध्य म्हणतात (जिथे वस्तूचं सगळं वजन जणू एकवटलेलं असतं असा बिंदू). या बिंदूतून सरळ खाली एक ओळंबा सोडलाय असं समज. ओळंबा चाकांच्या आत पडतोय तोवर वस्तू उभी. चाकांच्या बाहेर गेला की आडवी. गुरुत्वमध्य जितका उंच, तितक्या थोड्याशा झुकण्यानेही ओळंबा बाहेर जातो. आता दप्तर एकाच खांद्यावर घे. डाव्या.”

तिने घेतले. मापाडीने डावीकडे ढकलताच ती पडायला आली.

“एका अंगाला भार असला, की ओळंबा आधीच त्या काठाशी जाऊन उभा असतो. उरलेलं काम थोडंसं,” मापाडी म्हणाला.

“पण घाटात आईला ढकललं कोणी?” शर्वीने विचारले. राग होताच, पण आता त्याला वाट फुटली होती.

“कोणीच नाही. ट्रकला सरळच जायचं होतं. याला जडत्व म्हणतात (चालू गती आणि दिशा न सोडण्याचा वस्तूचा हट्ट). उजव्या वळणावर टायर रस्त्याला घट्ट धरून गाडीला खालून उजवीकडे ओढतात. वरच्या मालाला ते कळत नाही, तो आपला सरळच निघालेला असतो. खालचा भाग उजवीकडे आणि वरचा सरळ. मग गाडी डावीकडे कलते. बसमध्ये उभी असतेस तेव्हा वळणावर तू बाहेरच्या बाजूला झुकतेस ना, तसंच. तुझ्याकडे बिल्टी आहे का?”

शर्वीने बिल्टी उलगडली. मापाडीने डोळ्यांच्या भिंगांतून ती वाचली. सरकी पेंडीची एकशे ऐंशी पोती, प्रत्येकी पन्नास किलो, उतरायची पहिल्या थांब्यावर. फळांचे रिकामे प्लास्टिक क्रेट सहाशे, उतरायचे शेवटच्या थांब्यावर.

“पहिल्यांदा उतरायचा माल कुठे ठेवतात?” त्याने विचारले.

“वर,” शर्वी म्हणाली आणि तिने बिल्टी पुन्हा जवळ ओढली. “म्हणजे सगळ्यांत जड पोती वर? आणि रिकामे क्रेट खाली?”

“गोदामातलं मालमांडणी यंत्र तसंच लावतं. उतरवायला वेळ कमी लागावा, एवढाच नियम त्याला दिला आहे. शिवाय पहिल्या थांब्यावर डावी फळी उघडते, म्हणून पोती डावीकडे सरकवून लावतात.” पडद्यावर ट्रकचे साधे चित्र उमटले. “पोती खाली असती तर गुरुत्वमध्य जमिनीपासून दीड मीटरवर आला असता. तुझ्या आईच्या गाडीत तो दोन मीटर तीस सेंटिमीटरवर होता आणि शिवाय डावीकडे सरकलेला. सावळदऱ्याच्या त्या वळणावर अडतीसच्या वेगाला जो बाजूचा जोर येतो, तो गाडीच्या वजनाच्या शंभर भागांतले अठ्ठावीस भाग एवढा असतो. नीट भरलेली गाडी साठ भागांपर्यंत तग धरते. तुझ्या आईची गाडी किती धरू शकत होती, ते काढलं मी. अठ्ठावीस.”

शर्वीने तो आकडा तीनदा वाचला.

“म्हणजे आईने काहीच चूक केली नव्हती.”

“पाटीवरच्या चाळीसला गाडीत काय भरलंय ते माहीत नसतं. गाडीच्या आत काय आहे ते तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. माल भरल्यावर दाराला लावलेली मोहोर चालकाने उघडायची नाही, असा इथला नियम आहे.”

“आणि तुला? तुला तरी काही कळलं होतं का?”

मापाडीने पट्टीकडे हात दाखवला. “माझ्या पट्टीखाली डावीकडे वेगळे आणि उजवीकडे वेगळे तोलक आहेत. त्या दिवशी डावीकडे नऊ टन आठशे किलो होतं, उजवीकडे सहा टन दोनशे. मी बेरीज केली. बेरीजच विचारली जाते.”

“तुला माहीत होतं!” शर्वी ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागले आणि त्याचाही तिला राग आला. “साडेतीन टनांहून जास्त फरक! तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास! नुसतं खोटं न बोलणं म्हणजे खरं बोलणं नव्हे!”

मापाडीच्या पडद्यावर तेच दोन आकडे पुन्हा उमटले.

इतक्यात मागून भोंगा वाजला. गोदामातून एक ट्रक येऊन काट्यावर चढत होता. चालकाच्या जागेवर युनूसचाचा होते, आईबरोबर बारा वर्षे घाट चालवलेले. काट्याआधीच्या गतिरोधकावरून येताना ट्रक डावीकडे झुकला, मग सावकाश उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

शर्वीने तो झोका पाहिला. “चाचा!” ती धावली. “आत काय आहे?”

“पेंड आणि क्रेट. सावळदऱ्याखालीच न्यायचंय. तू इथे काय करतेस, बेटा? अम्मी कशी आहे?”

तिने उत्तर दिले नाही. ती ट्रकच्या समोर गेली, लोखंडी पट्टीवर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला.

“काट्यावर माणूस आहे. पावती देता येत नाही,” मापाडीने जाहीर केले.

कचेरीतून चौबळसाहेब बाहेर आले. गोदामाचे व्यवस्थापक, इस्त्रीचा सदरा, हातातल्या घड्याळाकडे सारखे बघायची सवय. “कोणाची पोरगी आहे ही? ऊठ आधी!”

“वैष्णवी सुरडकरांची. नाही उठणार.”

“हे बघ, तुझ्या आईचं वाईट वाटतं मलाही. पण हा खेळ नव्हे. मागे सहा गाड्या खोळंबल्यात.”

“आईने तुम्हाला सांगितलं होतं, गाडी डोलतेय म्हणून. तुम्ही काय म्हणालात?”

चौबळांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. “काटा पास होता! कागद आहेत माझ्याकडे!”

“मग आताही विचारा काट्याला. पण नीट विचारा.” शर्वी मान वळवून मापाडीकडे बघत म्हणाली, “डावीकडे किती आणि उजवीकडे किती? मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

“मापाडी, एकूण वजन सांग आणि पास दे,” चौबळ म्हणाले.

मापाडीच्या पडद्यावर आकडे धावले. मग फाटकावरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज अंगणभर घुमला. “डावीकडे नऊ टन सातशे किलो. उजवीकडे सहा टन तीनशे किलो. अधिक चौतीस किलो, ती मुलगी. एकूण वजन मर्यादेत आहे. पण जड माल वर आहे आणि डावीकडे आहे. पाटीवर लिहिलेल्या वेगाने गेली तर ही गाडी सावळदऱ्याच्या उजव्या वळणावर पडेल. गेल्या सोमवारची पडली, तशीच.”

मागच्या गाड्यांचे भोंगे थांबले.

युनूसचाचांनी दार उघडले आणि ते खाली उतरले. ट्रकला वळसा घालून त्यांनी डावीकडची चाके बघितली. स्प्रिंगांच्या पात्या उलट्या वाकतील इतक्या दबल्या होत्या. उजवीकडच्या पात्या मात्र ऐसपैस होत्या. परत येऊन ते चौबळांसमोर उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “वैष्णवी बारा वर्षं आमच्याबरोबर गाडी चालवतेय. तिच्या नावावर निष्काळजीपणा लिहिताना तुम्ही ही चाकं बघितली होती का?”

“युनूस, आता तू सुद्धा—”

“मी ही गाडी नेत नाही.” त्यांनी किल्ली काढून चौबळांच्या हातात ठेवली. “तुम्ही चालवा. वळणावर चाळीसची मर्यादा आहे. तुम्ही तीसने जा, हवं तर वीसने.”

मागच्या गाड्यांतून एकेक चालक उतरून काट्याभोवती जमू लागला. कोणी हात उचलला नाही, की शिवी दिली नाही. पण प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या मागच्या फेरीचे डावे-उजवे विचारले आणि मापाडी स्मरणातले आकडे मोठ्याने सांगत गेला. सहापैकी चार गाड्या एका अंगाला भरून गेलेल्या निघाल्या. प्रत्येक आकड्यासरशी चौबळ थोडे थोडे मागे सरकत होते.

“उतरवा माल,” अखेर ते म्हणाले. “पुन्हा भरा.”

शर्वी तरीही उठली नाही. पेंडीचे पहिले पोते ट्रकच्या तळाशी पडलेले तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले, मगच ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या.

शुक्रवारच्या सुनावणीला आईबरोबर शर्वी होती, युनूसचाचा होते, आणि परिवहन कार्यालयाने बोलावले म्हणून मापाडीसुद्धा होता. टेम्पोत उभे राहून त्याने सगळा प्रवास केला. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी, धोटेबाई, स्वतः यंत्र-अभियंता होत्या. त्यांनी मापाडीच्या स्मरणातले सोमवारचे आकडे मागवले, वळणाची त्रिज्या मागवली आणि वहीत स्वतः गणित मांडले. गणित मांडताना त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली. उत्तर अठ्ठावीसला अठ्ठावीस आले तेव्हा त्यांनी पेन टेबलावर आपटले.

“हे वाक्य अहवालातून काढा,” त्या कंपनीच्या वकिलांना म्हणाल्या. “आणि तिथे लिहा, की माल चुकीचा भरला होता आणि चालकाने सूचना देऊनही व्यवस्थापकाने तो तपासला नाही. सुरडकरबाई, तुमचा परवाना तुमच्याकडेच राहील.”

आईने डाव्या हाताने डोळे पुसले.

धोटेबाईंनी आणखी एक आदेश काढला. यापुढे जिल्ह्यातल्या प्रत्येक काट्याने डावे आणि उजवे वजन वेगवेगळे सांगायचे, आणि जड माल तळाशी असल्याची खात्री झाल्याशिवाय पास द्यायचा नाही. चालकाने शंका काढली तर मोहोर उघडायची. पुढे-मागे प्रत्येक घाटातल्या वळणावर अशा पाट्या बसतील, की येणाऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य ओळखून त्या तिच्यापुरता वेग दाखवतील, असेही त्या म्हणाल्या. त्यावर काम सुरू झाले होते.

“हे आधी का नव्हतं?” शर्वीने विचारले.

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. आईने तिचा दंड धरला. पण धोटेबाई रागावल्या नाहीत.

“कारण आम्ही बेरजेवर समाधानी होतो,” त्या म्हणाल्या. “तुला राग आलाय?”

“हो.”

“यायलाच हवा. मलाही आलाय. तू मोठी झालीस की त्या पाट्यांचं काम बघायला ये. तिथे रागावलेली माणसं लागतील.”

पावसाळा सरला तेव्हा आईचा हात पूर्ववत झाला. पहिल्या फेरीच्या दिवशी शर्वी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. चौबळांच्या जागी आता एक तरुण व्यवस्थापक आला होता. मापाडीने आकडे सांगितले: डावीकडे सात टन नऊशे, उजवीकडे आठ टन. पास.

आईने पावती घेतली, पण ती गाडीत चढली नाही. तिने मोहोर उघडायला लावली. आत शिरून खालची पोती हाताने चाचपली, वरचे क्रेट हलवून बघितले. मागच्या कोपऱ्यातला दोर सैल वाटला, तो सोडवून पुन्हा आवळायला सांगितला. मग तो तिने स्वतः ओढून बघितला. मनासारखा झाला नव्हता, म्हणून पुन्हा सोडवला.

“बाई, उशीर होतोय,” तरुण व्यवस्थापक म्हणाला.

आईने वळून त्याच्याकडे पाहिले. तो दोन पावले मागे गेला आणि दोराचे दुसरे टोक धरायला पुढे आला.

गाडी चाळीस मिनिटे उशिरा निघाली. फाटकाच्या गतिरोधकावर ती जराशी उचलली गेली, खाली बसली आणि सरळ चालू लागली.